'यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस': लिनक्सवर अपडेट अडतं तेव्हा काय वाचायचं

प्रश्न असा आहे. पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात ४० संगणकांची डेटाबेस लॅब आहे. सगळीकडे उबंटू २२.०४ होतं, गणपतीच्या सुट्टीत लॅब साहाय्यकांनी ते २४.०४ केलं. अपग्रेड सुरळीत झालं. पण पायथनमधून पोस्टग्रेस या डेटाबेसशी जोडणी करायला 'लिबपीक्यू-डेव्ह' हे पॅकेज टाकायला गेलं की प्रत्येक मशीनवर हाच मजकूर येतो:

द फॉलोइंग पॅकेजेस हॅव अनमेट डिपेंडन्सीज:
लिबपीक्यू-डेव्ह : डिपेंड्स: लिबपीक्यू५ (= १६.१०-०उबंटू०.२४.०४.१) बट १७.६-१.पीजीडीजी२२.०४+१ इज टू बी इन्स्टॉल्ड
ई: अनेबल टू करेक्ट प्रॉब्लेम्स, यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस.

प्रात्यक्षिक परीक्षा दहा दिवसांवर आली आहे. विभागातले एक सर म्हणतात, "नादी लागू नका, सगळी फॉरमॅट मारा." साहाय्यकांनी विचारलंय की हा मजकूर नेमकं काय सांगतो, आणि फॉरमॅटशिवाय मार्ग आहे का.

मार्ग आहे, आणि तो वरच्या मधल्या ओळीत जवळजवळ पूर्ण लिहिलेला आहे. मी वीसेक वर्षं पुण्यातल्या कॉलेजांचे आणि लहान कंपन्यांचे लिनक्स सर्व्हर सांभाळते. या काळात डिपेंडन्सीच्या, म्हणजे एका पॅकेजाला दुसरं कुठलं लागतं याच्या, एररवर फॉरमॅट हा उपाय मी शेकडो वेळा ऐकला, आणि तो खरोखर लागला असे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके आहेत. फॉरमॅट करून चाळीस मशीन पुन्हा उभ्या करायला तुमचे तीन दिवस जातील, आणि अडचण कशाने आली हे न कळल्यामुळे पुढच्या वर्षी ती परत येईल. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी शेवटची ओळ बाजूला ठेवा. 'हेल्ड' हा शब्द वाचून लोक समजतात की आपण एखादं पॅकेज रोखून धरलंय. तसं असू शकतं, म्हणून 'ॲप्ट-मार्क शोहोल्ड' एकदा चालवून बघा. काहीच छापून आलं नाही, तर रोखलेलं काही नाही. बहुतेक वेळा या ओळीचा अर्थ एवढाच असतो की ॲप्टला, म्हणजे उबंटूवर पॅकेजं आणून बसवणाऱ्या साधनाला, सगळ्या अटी एकाच वेळी पाळणारी मांडणी सापडली नाही. कारण वरच्या ओळींत असतं. गूगलवर मात्र सगळे हीच ओळ शोधतात, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी दुखण्याचं औषध स्वतःच्या मशीनला देतात.

आता मधली ओळ हळू वाचा. 'लिबपीक्यू-डेव्ह' म्हणतंय, मला लिबपीक्यू५ हवं, आणि तेही अगदी १६.१० याच आवृत्तीचं. मशीनवर आहे १७.६. त्या आवृत्तीच्या शेपटाकडे नीट बघा: 'पीजीडीजी२२.०४'. पीजीडीजी म्हणजे पोस्टग्रेसवाल्यांचं स्वतःचं पॅकेज भांडार, आणि २२.०४ म्हणजे ते उबंटूच्या कुठल्या आवृत्तीसाठी बांधलंय ते. म्हणजे कधीतरी, २२.०४ असताना, कुणीतरी नवं पोस्टग्रेस हवं म्हणून हे भांडार जोडलं होतं. त्यात गैर काही नव्हतं, ते भांडार उत्तम राखलेलं आहे. पण उबंटूचं अपग्रेड चालतं तेव्हा ते बाहेरची सगळी भांडारं बंद करतं. भांडार बंद झालं, त्यातून आलेलं पॅकेज मात्र मशीनवरच राहिलं. २४.०४ च्या अधिकृत भांडारात १६.१० आहे, मशीनवर १७.६ आहे, आणि ॲप्ट आपणहून कधीच मागच्या आवृत्तीवर जात नाही. कोंडी इथे झाली आहे.

हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर 'ॲप्ट पॉलिसी लिबपीक्यू५' चालवा. मला कुणी विचारलं की डिपेंडन्सीसाठी एकच आज्ञा शिकायची तर कोणती, तर मी हीच सांगते. ती बसवलेली आवृत्ती दाखवते, बसवता येण्याजोगी उमेदवार आवृत्ती दाखवते, आणि खाली एक तक्ता देते: कुठली आवृत्ती कुठल्या भांडारातून येते, आणि तिचं प्राधान्य किती. अधिकृत भांडारातल्या आवृत्तीपुढे ५०० हा आकडा दिसेल. तुमच्या १७.६ पुढे तीन फुल्या असतील, म्हणजे हीच बसलेली आहे, आणि तिच्या खाली फक्त १०० आणि डीपीकेजीच्या, म्हणजे ॲप्टच्या खाली प्रत्यक्ष पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या, 'स्टेटस' फाइलचा पत्ता असेल. एवढंच दिसलं की समजायचं, या आवृत्तीला आता वाली नाही. ती मशीनवर आहे म्हणून आहे; तिचा पुरवठा करणारं कुणी उरलेलं नाही. तिला सुरक्षा दुरुस्त्याही येणार नाहीत.

इथे साहजिक प्रश्न पडतो: १७ तर १६ पेक्षा नवीन, मग लिबपीक्यू-डेव्हला ते का चालू नये?

नाना पेठेत बेअरिंगच्या दुकानात जाऊन तुम्ही ६२०३ मागितलं, तर दुकानदार या कंपनीचं किंवा त्या कंपनीचं देईल, पण ६२०४ देणार नाही. ६२०३ चं भोक १७ मिलिमीटरचं, ६२०४ चं २० चं. कंपनी बदलली तरी शाफ्टवर बसतं, नंबर बदलला की बसत नाही. लिनक्सच्या लायब्ररीला असाच एक नंबर असतो, त्याला एसओनेम म्हणतात. पोस्टग्रेसच्या लायब्ररीचं एसओनेम आहे 'लिबपीक्यू.एसओ.५'. पोस्टग्रेस १६ असो की १७, हा ५ तोच आहे, म्हणून पॅकेजचं नावही लिबपीक्यू५. १६ धरून बांधलेला प्रोग्राम १७ च्या लायब्ररीवर बिनदिक्कत चालतो. अशा प्रोग्रामांच्या पॅकेजात अट 'एवढी किंवा त्यापुढची' अशी लिहिलेली असते.

नावाच्या शेवटी 'डेव्ह' असलेल्या पॅकेजांची गोष्ट वेगळी. त्यांत प्रोग्राम नसतो; नवे प्रोग्राम बांधण्यासाठी लागणाऱ्या हेडर फाइल असतात, आणि खऱ्या लायब्ररीकडे बोट दाखवणारा एक दुवा असतो. १६ ची खरी फाइल 'लिबपीक्यू.एसओ.५.१६' आणि १७ ची 'लिबपीक्यू.एसओ.५.१७'. १६ चं डेव्ह पॅकेज पहिलीकडे बोट दाखवतं. मशीनवर दुसरी असेल तर तो दुवा हवेत लटकेल. म्हणून तिथे अट 'बरोबर हीच' अशी. कंसातलं चिन्ह नुसतं बरोबरचं आहे की मोठं-किंवा-बरोबरचं, हे कायम बघा. डिपेंडन्सीच्या भांडणात निम्मं उत्तर त्या चिन्हात असतं.

आवृत्त्यांची तुलना कशी होते तेही जाता जाता सांगते, कारण तिथे चांगले चांगले चकतात. १६.१० हे १६.९ पेक्षा मोठं आहे. हा दशांश अपूर्णांक नाही, टिंबाच्या दोन्ही बाजूंचे आकडे वेगवेगळे मोजले जातात. आवृत्तीच्या आधी '१:' असं काही दिसलं तर तो ईपॉक. तो असेल तर पुढचं काहीही असो, ईपॉक नसलेल्यापेक्षा ते मोठंच. आणि टिल्ड, म्हणजे नागमोडी रेघ, याच्या उलट काम करते. '२.०~आरसी१' हे '२.०' पेक्षा लहान धरलं जातं, म्हणजे चाचणी आवृत्तीवरून पक्क्या आवृत्तीवर आपोआप जाता येतं. शंका आली तर डीपीकेजीला '--कंपेअर-व्हर्जन्स' देऊन विचारता येतं.

आता तुमची परीक्षा. दहा दिवसांत सगळं शास्त्रशुद्ध करायला वेळ नसेल, तर मुलांना लिबपीक्यू-डेव्हची खरंच गरज आहे का ते आधी बघा. ते लागतं ते पिपने, म्हणजे पायथनच्या स्वतःच्या पॅकेज-साधनाने, 'सायकॉपजी२' ही पोस्टग्रेसशी जोडणारी लायब्ररी स्रोतापासून बांधताना. उबंटूच्या भांडारात तेच तयार बांधलेलं 'पायथन३-सायकॉपजी२' आहे, आणि त्याची लिबपीक्यू५ कडून अपेक्षा 'एवढी किंवा त्यापुढची' एवढीच आहे. ते आजच्या आज, काहीही न बदलता बसेल. मुलं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट वापरत असतील तर ते बनवताना '--सिस्टिम-साइट-पॅकेजेस' द्यायला सांगा, नाहीतर आतून ते दिसणार नाही. पिपचं 'सायकॉपजी२-बायनरी' हाही पर्याय आहे, ते आपली लायब्ररी बरोबर घेऊन येतं. सरावाला, परीक्षेला ठीक. सर्व्हरवर मी ते वापरत नाही.

मूळ दुखणं दूर करायचे मार्ग दोन. कुठला घ्यायचा हे एका गोष्टीवर ठरतं: त्या मशीनवर पोस्टग्रेस १७ चा सर्व्हर चालू आहे का, आणि त्यात मुलांचा डेटा आहे का. 'पीजी_एलएसक्लस्टर्स' चालवा, कुठली आवृत्ती कुठल्या पोर्टवर चालली आहे ते एका ओळीत कळेल.

१७ चा सर्व्हर असेल तर त्याच भांडाराला परत जोडा, पण २४.०४ साठीचं. 'ईटीसी'खालच्या ॲप्टच्या फोल्डरमध्ये 'सोर्सेस.लिस्ट.डी' आहे, त्यात पोस्टग्रेसची फाइल सापडेल. अपग्रेडने तिथली ओळ बंद केलेली असेल, किंवा नव्या पद्धतीची फाइल असेल तर त्यात 'एनेबल्ड: नो' लिहिलेलं असेल. 'जॅमी-पीजीडीजी' च्या जागी 'नोबल-पीजीडीजी' करा (जॅमी हे २२.०४ चं टोपणनाव, नोबल २४.०४ चं), ओळ चालू करा, 'ॲप्ट अपडेट' द्या, आणि मग लिबपीक्यू-डेव्ह टाका. लिबपीक्यू५ आणि डेव्ह दोन्ही एकाच भांडारातून येतील, आवृत्ती जुळेल, प्रश्न मिटेल.

मशीनवर फक्त क्लायंट असेल, किंवा १७ ची गरजच नसेल, तर मागे या. 'ॲप्ट इन्स्टॉल' ला 'लिबपीक्यू५=१६.१०-०उबंटू०.२४.०४.१' आणि 'लिबपीक्यू-डेव्ह' अशी दोन्ही नावं एकाच वेळी द्या. आवृत्ती स्पष्ट सांगितली की ॲप्ट मागे यायला तयार होतो. पण खरी आज्ञा देण्याआधी तीच '-एस' जोडून चालवा. काही बसत नाही, काही निघत नाही, नुसतं काय झालं असतं ते छापून येतं. त्यात 'विल बी रिमूव्हड' खाली १७ चा क्लायंट दिसला तर ठीक. १७ चा सर्व्हर दिसला तर थांबा, आणि आधी 'पीजी_डंपऑल' ने सगळा डेटा बाहेर काढून दुसऱ्या मशीनवर ठेवा. १७ मधून काढलेला डंप १६ मध्ये जसाच्या तसा चढेल अशी हमी पोस्टग्रेस देत नाही, म्हणूनच सर्व्हर असलेल्या मशीनसाठी मी पहिला मार्ग सुचवला.

मागे आल्यावर एक बारीक काम राहतं. २२.०४ साठी बांधलेलं लिबपीक्यू५ 'लिबएलडॅप-२.५-०' या लायब्ररीवर टेकलेलं होतं. २४.०४ मध्ये ती नाही, तिथे 'लिबएलडॅप२' आली आहे. म्हणजे एका अनाथ पॅकेजाने दुसऱ्यालाही मशीनवर धरून ठेवलं होतं. 'ॲप्ट ऑटोरिमूव्ह' यादी दाखवेल. वाचून मगच हो म्हणा.

तुमचा प्रश्न इथे सुटतो. पण एररच्या शब्दांबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण पुढची एरर वेगळ्या शब्दांत येईल आणि शब्द बदलला की अर्थ पूर्ण बदलतो.

'बट अमुक इज टू बी इन्स्टॉल्ड' म्हणजे वस्तू आहे, आवृत्ती चुकीची आहे. तुमची हीच. 'बट इट इज नॉट इन्स्टॉलेबल' म्हणजे या नावाची वस्तू माझ्या कुठल्याच यादीत नाही. अशा वेळी आवृत्त्यांशी झटापट करून उपयोग नसतो. नाव जुनं झालेलं असतं, किंवा 'युनिव्हर्स' भांडार बंद असतं, किंवा डाउनलोड केलेली डेब फाइल भलत्याच आवृत्तीसाठी असते. २२.०४ आल्यावर 'लिबएसएसएल१.१' ने हेच केलं. उबंटूने ओपनएसएसएल ३ घेतलं, लायब्ररीचा नंबर बदलला, आणि जुना नंबर मागणारी बाहेरची कितीतरी पॅकेजं एका दिवसात अडली. जुनी फाइल कुठूनतरी आणून बसवा असा सल्ला तेव्हा सर्रास दिला गेला. ओपनएसएसएल १.१.१ ची मोफत देखभाल सप्टेंबर २०२३ मध्ये संपली. कूटलेखनाची लायब्ररी अशी शिळी ठेवणं मला अजिबात मान्य नाही. त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती शोधा.

आणि तिसरा शब्दप्रयोग, सगळ्यांत फसवा: 'बट इट इज नॉट गोइंग टू बी इन्स्टॉल्ड'. वस्तू यादीत आहे, पण तिला आत घेतलं तर दुसरं काहीतरी मोडतं, म्हणून ॲप्टने ती नाकारली. खरं कारण आणखी एक पायरी खाली असतं. जे पॅकेज नाकारलं गेलं त्याचंच नाव देऊन 'ॲप्ट इन्स्टॉल -एस' करा. आता त्याच्या खालची तक्रार दिसेल. तिथेही हेच शब्द असतील तर आणखी एक पायरी उतरा. तीन-चार पायऱ्यांत अशी ओळ येते जिथे शब्द बदलतात, 'इज टू बी इन्स्टॉल्ड' किंवा 'नॉट इन्स्टॉलेबल' होतात. तिथे मूळ आहे. मी तरी आजवर याच रीतीने जात आले, आणि मुळाशी नव्वद टक्के वेळा बाहेरून आलेलं एखादं पॅकेजच सापडतं. हा माझ्या अनुभवाचा अंदाज समजा.

ॲप्ट हे सगळं स्वतःच का सांगत नाही? कारण गणित अवघड आहे. अमुक हवं, त्याला हे किंवा ते चालतं, हे आलं की ते नको, अशा हजारो अटी एकत्र पाळणारा संच शोधणं हा प्रश्न सर्वसाधारण रूपात एनपी-कंप्लीट, म्हणजे नेहमी झटपट सोडवण्याची रीत माहीत नसलेला, आहे, हे सिद्ध झालेलं आहे. डेबियन १९९३ मध्ये सुरू झालं, इयन मरडॉक यांनी डीपीकेजी १९९४ मध्ये आणलं. ते फक्त 'हे नाही, म्हणून ते बसवत नाही' एवढंच सांगायचं. अवलंबित पॅकेजं आपणहून शोधून आणणारा ॲप्ट डेबियनच्या पक्क्या आवृत्तीत १९९९ मध्ये आला. त्याचा जुना सोडवणारा भाग अंदाजाने पुढे जातो आणि अडला की लवकर हात टेकतो. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या ॲप्ट ३.० मध्ये तो भाग नव्याने लिहिलाय, पण तुमच्या २४.०४ वर जुनाच आहे. तिथे 'ॲप्टिट्यूड' टाकून बघा. ते एक तोडगा सुचवतं, तुम्ही नाही म्हटलं की दुसरा सुचवतं. त्याचं 'व्हाय-नॉट' तर फारच उपयोगी: अमुक पॅकेज का बसत नाही याची साखळीच छापून देतं.

तुमच्या लॅबमध्ये लवकरच आणखी एक गोष्ट दिसेल, म्हणून आधीच सांगते. 'अपग्रेड' दिल्यावर काही पॅकेजं 'केप्ट बॅक' म्हणून मागे राहतील, आणि चाळीस मशीनपैकी पाच-सात मशीनवर ती येतील, बाकीच्यांवर नाही. ही एरर नाही. उबंटू काही अपडेट टप्प्याटप्प्याने सोडतं, आणि कुठलं मशीन कुठल्या टप्प्यात हे मशीनच्या ओळख क्रमांकावरून ठरतं. काही दिवस थांबलं की सगळीकडे येतात. तुमची सगळी मशीन एकाच डिस्कची नक्कल करून बनवली असतील आणि ओळख क्रमांक बदलला नसेल, तर चाळीसच्या चाळीस एकाच वेळी येतील किंवा थांबतील. तसं दिसलं तर तो क्रमांक वेगळा करून घ्या, त्याने नेटवर्कवरही गोंधळ होतो. मागे राहिलेलं ओढून आणायला 'फुल-अपग्रेड' देण्याची सवय मात्र लावू नका. साधं 'अपग्रेड' काही काढून टाकत नाही, 'फुल-अपग्रेड' काढू शकतं.

आणखी एक प्रकार २४.०४ बरोबर नव्याने आला. ३२ बिटांत सेकंद मोजणारी घड्याळं १९ जानेवारी २०३८ ला, आपल्याकडच्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, संपतात. त्याची तयारी म्हणून शेकडो लायब्ररी पॅकेजांची नावं बदलली, शेवटी 'टी६४' लागलं. 'लिबअसाउंड२' चं 'लिबअसाउंड२टी६४' झालं. आपल्या ६४ बिटांच्या मशीनवर आतली लायब्ररी तीच आहे, आणि नवं पॅकेज 'मी जुन्या नावाचंही काम करतो' असं जाहीर करतं, म्हणून बरंचसं चालून जातं. पण एखादी सूचना-पुस्तिका 'लिबअसाउंड२ टाका' म्हणाली तर ॲप्ट सांगतो की हे आभासी पॅकेज आहे, खरं नाव निवडा. तेव्हा नावापुढे टी६४ लावून बघायचं.

आता जबरदस्तीबद्दल. साधारण वीस वर्षांपूर्वी मी एका कॉलेजात नवीन होते. इंटरनेट मंद, पॅकेजं संगणक मासिकांबरोबर येणाऱ्या सीडींवरून घ्यायची. सर्व्हरवर एक आरपीएम, म्हणजे रेड हॅट पद्धतीचं पॅकेज, बसेना, ते नवी जीलिबसी ही सिस्टिमची पायाभूत लायब्ररी मागत होतं. मी दुसऱ्या डिस्ट्रोच्या सीडीवरची जीलिबसी '--नोडेप्स' आणि '--फोर्स' देऊन बसवली. पुढच्या क्षणापासून 'एलएस' चालेना, 'सीपी' चालेना, नवं लॉगिन होईना, कारण त्या मशीनवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम त्या एका लायब्ररीवर उभा होता. रात्रभर बसून रेस्क्यू सीडीने ते परत उभं केलं. मुलांचे प्रकल्प त्यावर होते. चूक संपूर्ण माझी होती: मशीन मला कारण सांगत होतं आणि मी ते ऐकायचं टाळलं. तेव्हापासून मी 'फोर्स' चा पर्याय वापरते तो फक्त एकाच प्रसंगी: दोन पॅकेजं एकाच फाइलवर हक्क सांगत असतील, ती फाइल कुठली हे मला माहीत असेल, आणि तिच्याशिवाय मशीन सुरू राहतं याची खात्री असेल, तेव्हा.

हाच धडा २०२१ च्या नोव्हेंबरात जगाने बघितला. यूट्यूबवरचे लिनस सेबॅस्टियन पॉप ओएसवर स्टीम बसवत होते. त्या दिवशी पॅकेजांच्या आवृत्त्या जुळत नव्हत्या, आणि ॲप्टने काढलेल्या तोडग्यात डेस्कटॉपच काढून टाकायची यादी होती. ॲप्टने इशारा दिला, 'येस, डू ॲज आय से!' असं पूर्ण वाक्य टाइप करायला लावलं, त्यांनी केलं, आणि डेस्कटॉप गेला. नंतर ॲप्टमध्ये बदल झाला. आता अत्यावश्यक पॅकेजं असं वाक्य टाइप करून काढता येत नाहीत. पण बाकी पॅकेजांसाठी 'विल बी रिमूव्हड' ची यादी वाचणं अजूनही तुमच्याच हातात आहे. लॅबमध्ये मुलांना '-वाय' लावून आज्ञा द्यायची सवय असते; ती मोडा.

पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, आणि लॅबचा यूपीएस अर्धा तास टिकतो. अपडेट मध्येच तुटलं तर पॅकेजं उलगडलेली पण मांडणी न झालेली अशी राहतात, आणि मग येणारी एरर दिसायला डिपेंडन्सीची वाटते. तिथे आधी 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए', मग 'ॲप्ट इन्स्टॉल -एफ'. एवढ्याने बहुतेक वेळा सुटतं. 'दुसरी प्रक्रिया लॉक धरून आहे' असा संदेश आला तर लॉकची फाइल पुसू नका. पाठीमागे आपोआप चालणारं अपडेट बसलेलं असतं, दहा मिनिटं द्या. आणि चाळीस मशीनचं अपग्रेड बुधवारी संध्याकाळी सुरू करू नका.

पायथनबद्दल एकच. सिस्टिमचं 'पायथन३' दुसऱ्या आवृत्तीकडे वळवू नका. उबंटूची स्वतःची कितीतरी साधनं त्याच पायथनवर चालतात. ते वळवलं की 'ॲप्ट_पीकेजी नावाचं मॉड्यूल नाही' अशी एरर येते आणि माणूस पॅकेजांत कारण शोधत बसतो. 'एक्सटर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' म्हणून पिप नकार देतो तो याच काळजीने.

फेडोरा, रॉकी, अल्मा या दुसऱ्या लिनक्सांवर शब्द वेगळे, विचार तोच. 'नथिंग प्रोव्हाइड्स' म्हणजे आपलं 'नॉट इन्स्टॉलेबल', आणि रॉकी-अल्मावर त्याचं नेहमीचं कारण म्हणजे ईपेल हे जादा भांडार जोडलं पण ते ज्यावर टेकतं ते सीआरबी भांडार चालू केलं नाही. 'कॅनॉट इन्स्टॉल बोथ' म्हणजे आवृत्त्यांचं भांडण. डीएनएफ, म्हणजे तिथला ॲप्ट, '--अलाउइरेझिंग' सुचवतो, त्यात 'इरेझ' आहे हे लक्षात ठेवा. आर्चवर अर्धवट अपडेट, म्हणजे यादी ताजी करून एकच पॅकेज घेणं, मुळातच मान्य नाही. घ्यायचं तर सगळं घ्या.

तर आज एकच मशीन घ्या, शक्यतो ज्यावर मुलांचा डेटा नाही असं. 'ॲप्ट लिस्ट --इन्स्टॉल्ड' चालवून ज्या ओळींत 'लोकल' लिहिलंय त्या गाळून एका फाइलमध्ये ठेवा. ही तुमच्या मशीनवरच्या सगळ्या बेवारस पॅकेजांची यादी आहे. लिबपीक्यू५ तिथे दिसेलच, पण मला वाटतं आणखी दोन-चार निघतील. प्रत्येकाला 'ॲप्ट पॉलिसी' लावा, शेपटावरून भांडार ओळखा, आणि ठरवा: भांडार परत जोडायचं की पॅकेज मागे आणायचं. ते मशीन सुरू झालं, मुलांची एक प्रात्यक्षिकाची फाइल त्यावर चालली, की तीच दोन-तीन आज्ञांची फाइल बाकीच्या एकोणचाळीसवर चालवा. १७ चा सर्व्हर असलेली मशीन त्यातून वगळा आणि ती हाताने करा. आणि लॅबच्या वहीत आजच एक पान काढून लिहा: कुठलं बाहेरचं भांडार, कुणी, कधी, कशासाठी जोडलं. पुढचं मोठं अपग्रेड कराल तेव्हा आधी त्या पानावरची भांडारं 'पीपीए-पर्ज' या साधनाने किंवा हाताने काढून पॅकेजं मूळ आवृत्तीवर आणा, आणि मगच अपग्रेडला हात घाला.